कोणाले विचारलं?

आडे सर गेले त्या दिवशी त्यांच्या निधनाची बातमी मीच दिली. चार ओळींची होती. नाव, वय, घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक, मागे पत्नी आणि विवाहित मुलगी. डेस्कवर कोणीतरी पाचवी ओळ जोडली. ‘त्यांनी असंख्य विद्यार्थ्यांचे जीवन सुधारले.’ दुसऱ्या दिवशी छापलेल्या पानावर ती ओळ वाचली, तेव्हा मनात आलं की सरांनी हिच्याखाली लाल पेनाने रेघ मारली असती आणि समासात दोन शब्द लिहिले असते : कोणाले विचारलं?

हा अंदाज नाही. माझ्या बातम्यांखाली त्यांनी अशा रेघा मारलेल्या आहेत, आणि त्यांतली काही कात्रणं माझ्याकडे आहेत.

तालुका वार्ताहर म्हणून घाटंजीला आलो तेव्हा सरांच्या शेजारची खोली भाड्याने मिळाली. मधे फक्त एक तारेचं कुंपण होतं, त्याच्यावर दोन्ही घरांचे कपडे वाळायचे. सर तेव्हा निवृत्तीच्या टप्प्यावर होते. उंचीने अगदी कमी. शाळेत फळ्याखाली त्यांच्यासाठी एक लाकडी पाट ठेवलेला असे. पाटावर चढूनही त्यांचा हात फळ्याच्या मध्याच्या थोडाच वर जाई, त्यामुळे वरचा फळा मराठीच्या सरांचा आणि खालचा इंग्रजीचा, अशी शाळेत वाटणीच झाली होती. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. निळं लिहिण्यासाठी आणि लाल शंका घेण्यासाठी.

सकाळी ते कुंपणापाशी येत, माझा पेपर मागत आणि उभ्या उभ्याच वाचून परत करत. स्वतः पेपर घेत नसत. ‘शेजारी कारखाना असताना दुकानातून कायले घ्याचं?’ असं त्यांचं म्हणणं. पहिल्या महिन्यात पेपर परत आला तो एका बातमीखाली रेघ घेऊन. मजकूर माझा होता. एका गावच्या बसथांब्यावर स्टीलच्या खुर्च्या बसवल्या होत्या आणि मी मथळा दिला होता : ‘प्रवाशांच्या सोयीत सुधारणा’.

“कोणाले विचारलं?” सरांनी विचारलं.

मी म्हणालो, खुर्च्या ज्यांनी बसवल्या त्यांना.

“त्याईले बसाचं हाय का तिथं?”

सकाळची शाळा सुटल्यावर सर मोपेड घेऊन आले. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही त्या थांब्यावर पोचलो. एप्रिल होता. खुर्च्या रिकाम्या होत्या आणि चार प्रवासी समोरच्या पानठेल्याच्या सावलीत जमिनीवर बसले होते. सरांनी त्यांच्यातल्या एका बाईला विचारलं की खुर्चीवर का नाही बसत. ती म्हणाली, “बसून पाहा ना तुमी. तवा झाला हाय थो.”

सर बसले नाहीत, खुर्चीला हात लावून पाहिला आणि तो पटकन मागे घेतला. परत येताना वाटेत एवढंच म्हणाले, “चेंज झालाय. बातमी खोटी नाई तुझी. फक्त शब्द उधारीचा हाय.”

त्या दिवसापासून ‘सुधारणा’ हा शब्द लिहिताना माझा हात थबकतो. मुद्दा माझा नाही, म्हणून सरांकडे वळतो.

त्यांनी नोकरीभर इंग्रजीचं सगळं पुस्तक शिकवलं, पण विद्यार्थ्यांना आठवतं ते एक क्रियापद. इम्प्रूव्ह. शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटचा तास या एका शब्दाचा. वर्षातून एकदा प्रत्येकाची पाळी येई, तेव्हा त्याने काहीतरी इम्प्रूव्ह करायचं आणि त्याचं एक वाक्य लिहून आणायचं. ते वाक्य सर एका लांब, खाकी पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेत. प्रत्येक मुलाचं एक पान. मग वाक्यातल्या वस्तूपाशी स्वतः जात. वस्तू म्हणजे गोठ्याचं फाटक असेल, परसातली मोरी असेल, धाकट्या भावाची चप्पल असेल. त्या वस्तूपाशी उभं राहून ते मुलाला काहीच विचारत नसत. ती वस्तू जो वापरतो त्याला विचारत. त्याचं उत्तर ऐकून तीनपैकी एक शब्द लिहीत.

होतं एक, झालं दुसरं, तर ‘चेंज’. मोडलं होतं, पुन्हा होतं तसं झालं, तर ‘रिपेअर’. आणि वापरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की आता माझा त्रास कमी झाला, तरच ‘इम्प्रूव्ह’. त्या तिसऱ्या शब्दासमोर वापरणाऱ्याची सही किंवा अंगठा घेत. करणाऱ्याच्या सहीला या वहीत जागाच नव्हती.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा कुंपणापाशी सांगितलं. सर बंजारा तांड्यातले. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुक्कामामागून मुक्काम करणाऱ्या शेवटच्या माणसांपैकी. दोन गोण्या एका बैलावर बांधायच्या, तर दोर कुठून घ्यायचा यावर त्या माणसांत भांडणं होत. प्रत्येकाला आपली गाठ उत्तम वाटे. आजा कोणाशीच भांडत नसे. मुक्कामाला पोचलं की ओझं उतरवून बैलाच्या पाठीवरून हात फिरवे. जिथे बैल अंग चोरी तिथली गाठ दुसऱ्या दिवशी बदले.

“बैलाले मराठी येत नव्हती, आमची गोरबोली येत नव्हती,” सर म्हणाले. “पण पाठ खोटं बोलत नाई. इम्प्रूव्ह झालं का, ते त्याले पाठीतूनच कळत होतं.”

मुलं अर्थात पळवाटा शोधत. एका सप्टेंबरात एकाने लिहून आणलं, ‘द वेदर इम्प्रूव्ह्ड.’ पाऊस उघडला होता, पुस्तकातही असं वाक्य होतं, सरांना कुठे जाऊन बघायचं नाही, असा त्याचा हिशेब. सर त्याला मोपेडवर घेऊन निघाले. पहिल्या शेतात सोयाबीन कापून पडलं होतं. शेतकरी म्हणाला, “लय बेस झालं जी, उघडला.” पोरगा खूश. पुढच्या शेतात बरड जमिनीवर तूर होती. तिथला म्हातारा आभाळाकडे बघून म्हणाला, “आनखी एक पानी पाह्यजे होतं. मरते आता हे.” सरांनी वहीत एकाच वाक्यापुढे दोन नोंदी केल्या. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे इम्प्रूव्ह, पलीकडे नाही. आणि पोराला म्हणाले, “वाक्य बरोबर हाय. पत्ता लिहायचा राह्यला.”

शाळेत यावरून एक भांडणही झालं. प्रगतिपुस्तकात शेऱ्याची जागा असते आणि तिथे काय लिहायचं ते सगळ्यांना पाठ असतं : सुधारणा आवश्यक. सर ते लिहीत नसत. ते लिहीत, ‘वाक्य आता शेवटपर्यंत नेतो.’ किंवा, ‘अक्षर बहिणीला वाचता येते, बहिणीने सांगितले.’ मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं की असे शेरे वर चालत नाहीत.

“आडे, तुम्हाला दोन शब्द लिहायला काय होतं?”

“सर, पोरगं वस्तू नाई. त्याले मी इम्प्रूव्ह करू शकत नाई. थोच करते. मी फक्त विचारत फिरतो.”

“मग पगार कशाचा घेता?”

“फिरायचा,” सर म्हणाले. दोघंही हसले असं सर सांगत. मुख्याध्यापक हसले नव्हते, असं शाळेचा शिपाई सांगतो. शेरे मात्र तसेच राहिले.

घरीही हाच कायदा होता. मालाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, चहात एखाद्या दिवशी गवती चहा टाकत. सर बशीतून घोट घेत आणि जाहीर करत, “चेंज.” एकदा मी समोर असताना हे झालं, तेव्हा मालाताई चहाचं भांडं हातात घेऊन माझ्याकडे वळल्या. “भाऊ, हा माणूस लग्नात आला तसाच हाय. मी रिपेअर करू करू वापरून राह्यली.” सरांनी बशी खाली ठेवली आणि पुष्कळ वेळ हसत राहिले. वापरणाऱ्याचं म्हणणं म्हणून त्यांना ते अमान्य करता येत नव्हतं.

त्या वहीतलं एक पान मात्र भरून येत नव्हतं. ते वनिता पवारचं.

वनिता शाळेपासून तीन किलोमीटरवरच्या तांड्यातली. आठवी ते दहावी सरांच्या वर्गात होती. आता चाळिशीकडे झुकली आहे, पण शनिवारच्या तासाचा विषय काढला की तिचा आवाज अजून वर चढतो. तिने पहिलं वाक्य आणलं ते चुलीचं. आईला वाकावं लागतं म्हणून विटा रचून तिने चूल उंच केली होती. सर तांड्यावर गेले. वनिताची आई सोनीबाई चुलीपुढे डोळे पुसत उभी होती.

“सोनीबाई, कसं वाटते?”

“पहिले कंबर दुखे मास्तर. आता धूर सीधा डोळ्यात. कंबर बरी होती त्याच्यापरीस.”

चेंज.

दुसऱ्या वेळी तिने विहिरीवरचा गडगडा, म्हणजे दोराची कप्पी, नीट बसवला, तो अडकत होता. सोनीबाई म्हणाली, “मागच्या साली चाले तसाच चालते.” रिपेअर.

तिसरं वाक्य दहावीतलं. सोनीबाई रोज रानातून चाऱ्याचा नाहीतर सरपणाचा भारा डोक्यावर आणायची. डोक्यावर भाऱ्याखाली ठेवायची चुंबळ जुन्या चिंधीची, कडक झालेली. वनिताने कुठूनतरी गादीतला स्पंज मिळवून मऊ चुंबळ शिवली, वरून आरसे लावले. सगळ्या तांड्याने कौतुक केलं. सर आले. सोनीबाईने चुंबळ हातात फिरवली.

“दिसाले मस्त हाय. पण भारा डुलते याच्यावर.” पोरीचं तोंड उतरलेलं पाहून तिने पुढे सांगितलं, “अन मास्तर, डोक्यावर घेतल्यावर काई दुखत नाई. दुखते ते उचलाच्या वक्ताले. भारी वजन हाय, एकटीनं डोक्यावर चढत नाई. वाटेत टेकवला की मग कोनी येईपर्यंत उभं राहा. या बाई, हात लावा. कोनी आलं तर आलं. कधी दिवस बुडते.”

सरांनी ‘चेंज’ लिहिलं. खाली बारीक अक्षरात सोनीबाईचं हे बोलणंही लिहून घेतलं. मी ती नोंद पाहिली आहे. वहीत इतकी लांब नोंद दुसरी नाही.

दहावीच्या निरोपाला वनिता सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तीन सालात मले एकदाही नाई भेटलं.”

“पान हाय ना तुयं. पान कुठं जाते?”

“इज्जत गेली ना पण.”

“कोणाले विचारलं?” सर म्हणाले. वनिता सांगते, तेव्हा तिला सरांच्या डोक्यात फळा घालावासा वाटला होता.

पुढे तिचं लग्न शेजारच्या तांड्यात झालं. माहेर आणि सासर एकाच गट ग्रामपंचायतीत. ती शिकत राहिली, बचत गटात काम करत राहिली आणि एके वर्षी सरपंच झाली. ‘नावाची सरपंच, कामाचा नवरा’ हा प्रकार तिने पहिल्याच महिन्यात मोडला. नवरा सभेत तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. तिने विचारलं, “तुमी कोणत्या वॉर्डाचे?” तो उठून पाणी आणायला गेला, आणि पुढच्या सभांना आलाच नाही.

सरपंच म्हणून वनिताने बरीच कामं केली. पण तिच्या मनातलं काम एकच होतं. रानाच्या वाटेवर एक ओटा बांधायचा. बायकांनी भारा त्यावर टेकवायचा, दम घ्यायचा आणि कोणाला हाक न मारता पुन्हा डोक्यावर घ्यायचा. आराखड्यात त्यासाठी तयार नकाशा मिळाला, नाव ‘विसावा ओटा’. काम झालं. वर चकचकीत फरशी, बाजूला नामफलक. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून तिने आडे सरांना बोलावलं आणि मला बातमीसाठी.

“भाऊ, आज माझं पान भरल्याशिवाय सरले जाऊ देणार नाई,” ती मांडवात मला म्हणाली. हसत म्हणाली, पण दर दोन मिनिटांनी तिची नजर सरांच्या पिशवीकडे जात होती. पिशवीत वही होती.

नारळ फुटला. फीत कापली. सरांना बोलायला सांगितलं. माईक त्यांच्या डोक्याच्या वर होता, तो खाली करण्यात कोणीतरी गुंतलेलं असताना सर मंचावरून उतरले आणि सरळ सोनीबाईंपुढे जाऊन उभे राहिले. आता केस पांढरे झालेल्या, नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेल्या.

“सोनीबाई, भारा टेकवून दाखवता का?”

कोणीतरी जवळच्या गोठ्यातून चाऱ्याचा भारा आणला. दोन बायकांनी तो सोनीबाईंच्या डोक्यावर दिला. त्या ओट्यापर्यंत चालत गेल्या आणि भारा टेकवला. टेकवायला त्यांना कंबरेतून पार वाकावं लागलं. ओटा गुडघ्याएवढा होता. नकाशा बसण्याच्या ओट्याचा होता. बांधताना माप घेतलं तेव्हा गवंडी त्यावर बसून म्हणाला होता, ‘बरोबर हाय उंची’, आणि जमलेल्या सगळ्या पुरुषांनी बसून पाहिलं होतं.

सोनीबाईंनी भाऱ्याला हात घातला. तो जवळपास जमिनीवर असल्यासारखाच खाली होता. त्यांनी मान वर केली आणि सवयीने हाक दिली, “अवो बाई, कोनी हात लावा वं.”

मांडवात हशा पिकला. मग ज्यांना कळलं ते ओट्याच्या उंचीकडे बघू लागले.

“बसाले एक नंबर हाय ना पण, सर,” मागून एक जण म्हणाला.

“बसणाऱ्यासाठी बांधला असता तर मी लिहून दिलं असतं,” सर म्हणाले. पिशवीतून वही काढली, पान शोधलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. वनिता दोन पावलं पुढे आली, तिने वाचलं. तिचा चेहरा लाल झाला.

“सर, मी सरपंच हाय इथली.”

“हो ना.”

“चार गावाचे लोक बोलावले मी.”

सरांनी वही मिटली. पेनाला टोपण लावलं. वनिता वळली आणि पाहुण्यांना चहा द्यायला लागली. सरांचा कप तिने दुसऱ्याकरवी पाठवला.

त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून मालाताईंचा आवाज येत होता. “पोरीच्या कार्यक्रमात तुमची वही कायले काढली? घरी आणून लिहिलं असतं तर शाई वाळली असती का?” सकाळी सर पेपर मागायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आले, पेपर हातात घेतला, पण उघडला नाही.

“लिहिलं ते बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण नारळ फुटल्यावर विचारलं. फुटायच्या आधी मी तांड्यावर काहून नाई गेलो? मले तर माहीत होतं ना ओटा होऊन राह्यला ते. सोनीबाईचं बोलणं माझ्याच वहीत पडून होतं इतके साल.” पेपर तसाच परत देत म्हणाले, “चूक माझी हाय, अन पान तिचं खराब झालं.”

मी बातमी दिली होती. ‘विसावा ओट्याचे उद्घाटन’. त्यात सुधारणा हा शब्द नव्हता. ओट्यावर दुसऱ्या दिवसापासून पुरुष पत्ते खेळायला बसू लागले.

महिनाभर वनिताने सरांना फोन केला नाही. सरांनीही तिला केला नाही, पण ते मला रोज काही ना काही विचारत. तिकडे गेलता का, पाणी आलं का, सरपंच कशी हाय. सोनीबाईंच्या तांड्यावर मी एका वेगळ्या कामाला गेलो तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीपाशी बायकांची रांग दिसली. वनिता हातात कोळसा घेऊन उभी होती. एकेक बाई भिंतीला पाठ लावून उभी राही आणि वनिता तिच्या खांद्याशी आडवी रेघ ओढी. रेघेवर नाव. भिंतीवर अशा रेघांची शिडी झाली होती. सगळ्यात वर लंब्या कमलाबाईंची, खूप खाली एका नवीन सुनेची.

“आता नवा ओटा कोणाच्या मापानं बांधतो म्हणते?” बायका एकमेकींना विचारत होत्या. “कमलीच्या मापानं बांधला तर आमी शिडी आनाव का?”

“मधलं माप घ्या,” गवंडी म्हणाला.

“मधल्या मापाची बाई कोण हाय इथं?” वनिताने विचारलं. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग भिंत सोडून तिने वाटेकडे पाहिलं. रानातून येणारी वाट तांड्याशी चढणीची आहे.

“वरून लेव्हल ठेवा,” ती गवंड्याला म्हणाली. “खाली जमीन चढते तशी चढू द्या.”

गवंड्याला आधी कळलं नाही. मग कळलं. लांब ओटा, माथा सपाट, पायथा चढणीवर. खालच्या टोकाला तो कमलाबाईंच्या खांद्याला लागणार आणि वर चालत गेलं की हळूहळू ठेंगणा होत जाणार. प्रत्येकीने चालत जाऊन आपली जागा शोधायची.

या ओट्याला फरशी नव्हती, फलक नव्हता, नारळ फुटला नाही. वनिताने कोणालाच बोलावलं नाही. सरांना मी सांगितलं.

“मले बोलावलं नाई तिनं,” सर म्हणाले.

“नाही.”

“मग जाता येत नाई.” ते घरात गेले. दहा मिनिटांनी मोपेडचा आवाज आला. “बस मागं,” मला म्हणाले. “तुले बातमीसाठी जायचं असन. मी फक्त सोडून देतो.”

पाचच्या सुमाराला पोचलो. बायका रानातून परतायची वेळ होती. सर ओट्याच्या खालच्या टोकापाशी जाऊन उभे राहिले. माथा त्यांच्या नाकाशी येत होता. कोणीतरी वर्दी दिली असावी, कारण थोड्याच वेळात वनिता तांड्याकडून उतरून आली. पदर खोचलेला, चेहरा घट्ट.

“राम राम सर.”

“राम राम. मी याले सोडाले आलतो.”

“दिसून राह्यलं.”

एवढ्यात वाटेवर सोनीबाई दिसल्या. एकट्या, डोक्यावर भारा. आम्हाला त्यांनी पाहिलं, पण पाय थांबवले नाहीत. ओट्याच्या कडेने काही पावलं वर आल्या, एका जागी थांबल्या, मान जरा कलती केली आणि भारा माथ्यावर सरकवला. वाकल्या नाहीत. कमरेची बाटली काढून पाणी प्यायल्या. पदराने मान पुसली. चुंबळ नीट केली, पाठ ओट्याला लावली, हात वर नेऊन भारा डोक्यावर ओढून घेतला आणि चालू लागल्या.

सर लगबगीने त्यांच्या मागे दोन पावलं गेले. “सोनीबाई, कसं वाटते ओटा?”

सोनीबाईंनी वळून पाहिलं नाही. डोक्यावर भारा असताना वळता येत नाही. “म्हैस वाट पाह्यते मास्तर,” त्या पुढे बघतच म्हणाल्या, “सकाळी या इचाराले.” आणि चढण चढून वळणापलीकडे गेल्या.

वाटेवर आम्ही तिघंच राहिलो. वनिताने हाताची घडी घातली.

“जा ना सर. पळत जाऊन विचारा. सही पाह्यजे ना तुमाले.”

सर वळणाकडे बघत होते. “वनिता,” ते म्हणाले, “तिनं हाक कोणाले मारली?”

“कोणालेच नाई.”

“मीही ऐकली नाई.” त्यांनी पिशवीतून वही काढली. पान त्यांना शोधावं लागलं नाही, तिथे खूण होती. वही त्यांनी ओट्याच्या माथ्यावर ठेवली आणि लिहायला गेले, पण माथा नाकाशी. हात वर करून, टाचा उचलून त्यांनी प्रयत्न केला. पेन निसटलं.

वनिताची हाताची घडी सुटली. “सर,” ती म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसली, “वर सरका. तुमची जागा वर हाय.”

सर वही घेऊन ओट्याच्या कडेने वर चालू लागले. एक हात माथ्यावर ठेवलेला, चालता चालता तो खाली खाली येत गेला. नव्या सुनेची जागा मागे गेली. शेवटच्या टोकाशी माथा बरोबर त्यांच्या छातीला आला. तिथे ते थांबले, कोपर टेकवलं, एकदा ओट्यावरून हात फिरवला आणि वाकून लिहायला लागले. मी त्यांना त्यानंतरही पुष्कळदा पाहिलं, कुंपणापाशी, बशीतून चहा घेताना, पेपर परत करताना. पण आठवतात ते असे, चढणीच्या टोकाला, पायाखाली पाट नसताना, स्वतःच्या पायांवर पुरेसे उंच.

काय लिहिलं ते त्यांनी तिला तेव्हा दाखवलं नाही. “वाळू दे,” म्हणाले.

सरांच्या मुलीने ती वही सर गेल्यावर वनिताला नेऊन दिली. ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. मागितली तर वनिता दाखवते, पान स्वतः उघडून देते. चेंज, रिपेअर, चेंज, चेंज. त्याखाली पाचवी नोंद आहे, तिसऱ्या शब्दाची. समोर जिथे वापरणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, तिथे लाल पेनात, सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे :

‘विचारायला गेलो. थांबली नाही.’